गाडी वाढवणे

दुसऱ्या गाडीचे अ‍ॅक्सल काढून आपल्या गाडीला बसवायचे असतील, तर ती दुसरी गाडी चालती असावी लागते. हे लोकांना पटवता पटवता माझी दमछाक झाली. भंगारवाल्याकडे सुटा अ‍ॅक्सल मिळतो, पण सुटा अ‍ॅक्सल बोलत नाही. चालत्या गाडीत बसायचं, वेग घ्यायचा, मग पाय उचलायचा आणि ऐकायचं. वेग घेताना घुंघुं आली तर एक बिघाड, पाय उचलल्यावर आली तर दुसरा. काहीच आलं नाही तर गाडी विकत घ्यायची, घरी आणायची आणि खोलायची.

इंग्रजीत अशा गाडीला डोनर म्हणतात. माझा नवरा इथे साउथहॅम्प्टनला भूलतज्ज्ञ आहे. त्याला हा शब्द आवडत नाही.

“आमच्याकडचे डोनर निदान स्वतःच्या पायांनी चालत येत नाहीत,” तो म्हणाला.

“किडनीवाले येतात की.”

“ते चालत परतही जातात.”

मी गॅरेजमध्ये गेले. त्या उन्हाळ्यात मी सारखीच गॅरेजमध्ये जात होते. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. जीप पुढून ठोकळ्यांवर उभी होती, पुढचा अ‍ॅक्सल बाहेर काढून ताडपत्रीवर ठेवलेला होता. मी त्याच्याभोवती एक फेरी मारून परत यायची.

जीप छोटी, जपानी, दोन दारांची. मुलगी शाळेत असताना घेतली होती. मी बंदरावर कंटेनर-यार्डच्या नियोजनात काम करते, म्हणजे कुठला डबा कुठल्या डब्यावर ठेवायचा हे दिवसभर पडद्यावर ठरवते. डबा मी कधी हातात धरत नाही. शनिवार-रविवार हाताला काहीतरी जड लागायचं, म्हणून जीप. तिचा क्लच मी बदलला, मागची चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, कुजली तेव्हा कापून पॅच मारायला शिकले. वेल्डिंग मला फार सुबक येत नाही, पण धरून राहतं.

नंतर मी एका स्वयंसेवी गटात गेले. बर्फ पडला किंवा रस्ते पाण्याखाली गेले की हा गट नर्स, घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं बघणारे केअरर, औषधं जिथे हवं तिथे पोचवतो. ज्यांच्याकडे चारही चाकांना जोर देणारी गाडी आहे त्यांनी यायचं. आमच्याकडे दक्षिणेत बर्फ क्वचित पडतो आणि म्हणूनच पडला की सगळं ठप्प होतं. गेल्या हिवाळ्यात दोन नर्सना घेऊन एका गोठलेल्या चढावर मी होते, तेव्हा पुढचा अ‍ॅक्सल गेला. आवाज मोठा झाला नाही. कुणीतरी चमचा टाकावा तसा झाला आणि पुढची चाकं नुसती नावाला राहिली. जीप मागे घसरत जाऊन कुंपणाला टेकली. कुणाला लागलं नाही. नर्स उतरल्या, पिशव्या घेतल्या आणि चालत वर गेल्या. मी त्यांच्या पाठमोऱ्या जॅकेटांकडे बघत तिथेच बसून होते.

गटाचं काम बघणारा माणूस निवृत्त बसचालक आहे. तो रागावला नाही, हेच वाईट. “मोठी चाकं लावलीस, अ‍ॅक्सल मात्र मूळचे छोटेच,” तो म्हणाला. “ते झेपणार नव्हतंच. मजबूत काहीतरी घालून आण. मी चढावर बघेन. तोपर्यंत तुला बोलावणार नाही. आणि हिवाळ्याच्या ड्यूट्या मी ऑक्टोबरअखेर लावतो, नंतर कुणाला घेत नाही.”

त्याचं बरोबर होतं. म्हणजे ऑक्टोबर संपायच्या आत माझ्याकडे मजबूत अ‍ॅक्सलची गाडी हवी होती, नाहीतर तो हिवाळा घरात बसून खिडकीतून बघायचा. मला बसता येत नाही. लहानपणापासून येत नाही.

मग सुरू झालं डोनर शोधणं. जेवणाच्या सुट्टीत जाहिराती, बसमध्ये जाहिराती, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत जाहिराती. मला हवी होती एक मोठी जपानी गाडी, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल असलेली. हल्लीच्या गाड्यांना पुढे ते नसतात, त्यामुळे जुनीच हवी. जुनी म्हणजे गंजलेली, पण गंजाचं मला सोयरसुतक नव्हतं. वरचं शरीर कुजलेलं आणि खालचे अवयव धडधाकट, अशी गाडी सर्वांत उत्तम. अशी गाडी कुणी जपून ठेवत नाही आणि ती सहज सापडतही नाही.

पहिली पाहिली ती विल्टशरमध्ये. मालक म्हणाला, सगळं ओरिजिनल आहे. मी पुढचं चाक जॅकवर उचललं, फिरवलं आणि शाफ्ट किती फिरतो ते पाहिलं. मग मागचं. दोन्ही जुळले नाहीत. कुणीतरी कधीतरी मागचा अ‍ॅक्सल दुसऱ्याच गाडीचा बसवला होता. पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहणार. मालकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मी फोर-व्हीलमध्ये कधी टाकलीच नाही.” दुसऱ्या गाडीच्या डिफरन्शियलचं तेल काढून पाहिलं. डिफरन्शियल म्हणजे अ‍ॅक्सलच्या पोटातला दात्यांचा गोळा. तेलात चमकी. लग्नाच्या साडीला असते तशी बारीक, सुंदर चमकी. ती दात्यांची झीज होती. तिसऱ्या गाडीत सगळं छान होतं, पण पुढचा गोळा डावीकडे, माझ्या जीपला तो उजवीकडे लागतो. वेल्समधून चिखल तुडवत परत आले.

“अजून किती स्थळं बघणार आहेस?” नवरा म्हणाला.

“पसंत पडेपर्यंत.”

“आमच्या वेळी तू पहिल्या फेरीतच हो म्हणाली होतीस.”

“तेव्हा खाली वाकून बघायची पद्धत नव्हती.”

सप्टेंबरात यॉर्कशरमधली जाहिरात दिसली. फोटो चारच, पण एक गाडीच्या पोटाखालचा होता. पोटाखालचा फोटो टाकणाऱ्या माणसाला गाडी कळते. आमची मुलगी लीड्सला फिजिओथेरपिस्ट आहे, तिथून ते गाव तासाभरावर. मी तिला म्हटलं, आधी तू जाऊन ये, पुढचा गोळा कुठल्या बाजूला आहे ते बघ, व्हिडिओ पाठव. ती गेली. गोळा उजवीकडे होता. दोन्ही चाकं फिरवून दाखवायला तिने मालकिणीलाच कामाला लावलं. मालकीण निवृत्त व्हेट, जनावरांची डॉक्टर. मुलगी म्हणाली, “मम्मा, ती बाई खूप चांगला आहे. पण ती विचारते, तुम्ही गाडीचं काय करणार. आधीच्या दोन लोकांना तिने नाही सांगितला.”

मुलगी इथेच जन्मली. तिचं मराठी कानावर मिळालेलं आहे. व्याकरण तिला कुणी शिकवलं नाही, मीही नाही. मी फक्त तिच्याशी इंग्रजीत बोलायचं नाही एवढं ठरवलं होतं आणि ते आजवर पाळलं.

“त्यांना आत्ताच सांगून टाक,” मी म्हटलं. “मी ती वाढवणार आहे. नंतर घोळ नको.”

“वाढवणार. ओके. सांगते.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या वडिलांचं सांगलीला मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आमच्याकडे दुकान कधी बंद होत नसे, संध्याकाळी दुकान ‘वाढवत’. नव्या ट्रकपुढे नारळ फोडत नसत, ‘वाढवत’. आईची बांगडी फुटली तर ती ‘वाढली’. चांगल्या चालत्या वस्तूबद्दल मोडणे, फोडणे, बंद होणे हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण जिभेला विश्वास लागत नाही, सवय लागते. अजून रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला मी फोनवर ‘मोडणार’ म्हणाले नाही, तेवढं मला त्या वेळी जाणवलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळच्या ट्रेनने लीड्सला गेले. मुलगी स्टेशनवर घ्यायला आली होती. व्हेटबाईंचं घर दगडी, एका उतारावर, मागे गोठा, गोठ्यात गाडी. बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, गुडघे गेलेले, हातात काठी. हात पुढे केला तो मात्र माझ्या हाताची हाडं मोडतील असा. “आधी बघा,” त्या म्हणाल्या. “चहा नंतर.”

मला अशी माणसं बरी वाटतात.

मी ओव्हरऑल चढवून खाली शिरले. अपेक्षा होती ती कुजलेल्या चेसिसची. चेसिसवर मेणासारखा थर होता, दर वर्षी कुणीतरी बसून मारलेला. हातोडीने टकटक करत पुढून मागे गेले. सगळीकडून भरीव आवाज. ब्रेकचे पाइप नवे. डिफरन्शियलचं तेल काढलं, मधासारखं. बोटांवर चोळून बघितलं, चमकी नाही. वासही जळका नाही. मी खाली पडल्या पडल्या जरा गोंधळले. डोनर म्हणून ही फार चांगली होती. पण ऑक्टोबर दारात आला होता.

मग चालवून पाहिली. मुलगी मागे बसली, व्हेटबाई शेजारी. चढ, उतार, एक ओढा, वर माळावर मेंढ्यांमधून जाणारी कच्ची वाट. मी वेग घेतला, पाय उचलला, ऐकलं. पुन्हा घेतला, पुन्हा उचलला. काहीच आवाज नाही. बाई म्हणाल्या, “काय शोधताय? त्यात नाहीये ते.”

परत आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात चहा ओतला, मापाचा, कडक. व्यवहार ठरल्यातच जमा होता. पैसे पाठवायला मी फोन बाहेर काढला, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “मग, किती उंच करणार?”

“काय किती उंच?”

“लिफ्ट. तुमच्या मुलीने सांगितलं. मम इज गोइंग टू बिल्ड इट अप. दोन इंच की चार? चारच्या वर जाऊ नका, वळणावर डुलते.”

मी कप ठेवला आणि मुलीकडे वळले. “तू ह्यांना काय सांगितलंस?”

“तू जे सांगितलंस ते. वाढवणार.”

“वाढवणार म्हणजे मोडणार, बाळा.”

“व्हॉट?”

“अ‍ॅक्सल काढायचेत ना आपल्याला. मग गाडी मोडावी लागणार.”

“मग तू मोडणार म्हण ना. वाढवणं म्हणजे इन्क्रीज. आजी भात वाढवते तेव्हा काय भात मोडते?”

“आजी भात वाढते. हे वाढवणं वेगळं. नारळ वाढवतात तसं.”

“नारळ फोडतात. मी बघितलाय.”

“फोडतात, पण म्हणताना वाढवतात म्हणायचं.”

“का?”

“का म्हणजे? फोडला म्हणणं बरं दिसत नाही.”

“बट यू आर फोडिंग इट.”

तिचं हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने कुठल्याच भाषेत बसत नव्हतं आणि तरी ते खरं होतं. व्हेटबाई आमच्या दोघींकडे आलटून पालटून बघत होत्या. “काही अडचण?” त्यांनी विचारलं.

गप्प राहता आलं असतं. गाडी घरी गेली की ती दोन इंच उंच होते की चार तुकडे होते हे त्यांना कुठे दिसणार होतं? मुलीने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. म्हणजे सांग असं, का सांगू नको असं, ते मी तिला आजवर विचारलेलं नाही. मी सांगितलं. शब्दाचा घोटाळा झाला, माफ करा. माझ्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल गेलाय, मला तुमच्या गाडीचे दोन्ही हवेत. मी ती ब्रेक करणार आहे, पार्ट्ससाठी.

त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, “मग नाही.”

“मी तुम्हाला समजावू का—”

“समजलं. तुम्हाला चांगले अ‍ॅक्सल हवेत. माझे चांगले आहेत. पण मोडायची तर संपलेली गाडी मोडा. ही संपलेली नाही.”

“संपलेल्या गाडीचे अ‍ॅक्सल माझ्या काय कामाचे?”

“तो तुमचा प्रश्न आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मी आयुष्यभर जनावरांना शेवटची सुई दिली आहे. संपलेलं असलं की एक मिनिट थांबले नाही. मालक रडत असले तरी थांबले नाही. पण धावणारा घोडा कुणी पायांसाठी मागायला आला नाही कधी.”

मला राग आला, पण त्यांचा नाही. मी चहा संपवला, कारण टाकून उठणं उद्धटपणा झाला असता. हात मिळवला. या वेळीही माझी हाडं वाचली नाहीत.

परतीच्या वाटेवर मुलगी गाडी चालवत होती आणि मी फोनवर पुढच्या जाहिराती बघत होते. कम्ब्रियात एक होती, केंटमध्ये एक. केंटवालीला पुढचे दिवे नव्हते. मी फोन ठेवत होते, उचलत होते. खिडकी उघडली, लावली.

“मम्मा, तू माझं दार खराब करशील,” मुलगी म्हणाली.

“तू आपली पुढे बघ.”

बराच वेळ ती पुढे बघत राहिली. मग म्हणाली, “एक विचारू? तुझा जीपमध्ये, जुनं काय राहणार?”

“म्हणजे?”

“अ‍ॅक्सल जाणार. मग?”

“पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा ट्रान्सफर बॉक्स बदलावा लागेल. नाहीतर वेग जुळणार नाही.”

“मग?”

“शाफ्ट दोन्ही. ब्रेक अ‍ॅक्सलबरोबर येतात. स्प्रिंगा. अ‍ॅक्सल रुंद पडतील म्हणून चाकांवरचे मडगार्ड मोठे करायला लागतील.”

“इंजिन?”

“इंजिन आहे तेच. पण त्याला ते सगळं ओढायचं तर जरा जड जाईल.”

“आणि चेसिसला तू पॅच मारलेत.”

“मारलेत.”

“सो नवीन मजबूत गाडी कापून, त्याचं सगळं काढून, तू एका गंजलेल्या डब्याखाली लावणार. आणि त्या बाईचा गाडी आधीच मजबूत आहे. तुझा तो बसचालक अंकल त्याला चढावर बघेल आणि यस म्हणेल. तू तो तसाच का नाही चालवत?”

मला माहीत होती तशी उत्तरं मी दिली. माझी जीप आखूड आहे, जंगलातल्या अरुंद वाटेत एका वळणात फिरते. मोठी गाडी आमच्या घरापुढे मावणार नाही, फुटपाथवर येईल. डिझेल पिईल. मुलीने प्रत्येक उत्तरावर मान हलवली. मी आमच्या हौशी लोकांच्या किती गप्पा ऐकल्या होत्या. कुठला डोनर, कुठल्या बाजूचा गोळा, किती रुंद अ‍ॅक्सल, यावर तासन्तास वाद होतात. डोनरच का नाही चालवत, असं त्यांच्यात कुणी कुणाला विचारत नाही. विचारलं तर सगळ्यांचे शनिवार-रविवार जातील.

“गप्प बस आता,” मी शेवटी म्हणाले.

“मी कुठे बोलते. तू बोलतेस.”

तिच्या फ्लॅटवर मी स्वयंपाक केला, नंतर तिचं कपाट आवरलं, मग तिने मला कपाटापासून दूर केलं. रविवारी सकाळी ती अजून झोपलेली होती. मी बाहेर पडून कालव्याच्या कडेने चालायला लागले. भराभर चालत होते, कुठे जायचं नसताना. कुत्री फिरवणारे लोक बाजूला होत होते. जीपचं काय काय मी बदललं होतं ते आठवत होते आणि त्यातलं काय अजून टिकलंय ते मोजत होते. क्लच. अडकलेली गाडी दोराने ओढणारा विंच, पण तो मूळचा तिचा नव्हेच. सीटं. मागची दोरी अडकवायची कडी. बाकीचं दर हिवाळ्यात मी पुन्हा पुन्हा धरून ठेवत आले होते. मला ती दुरुस्त करायला आवडायची. त्या चढावर चालत गेलेल्या नर्सना त्याचा काय उपयोग?

पुलाखाली उभं राहून मी व्हेटबाईंना फोन केला.

“मी कालची,” म्हटलं. “तुमची गाडी मोडणार नाही. आहे तशी चालवणार. आम्ही हिवाळ्यात नर्सना पोचवतो, त्यासाठी.”

“शुक्रवारपर्यंत उंच करणार होतात,” त्या म्हणाल्या. “काल मोडणार होतात. आज चालवणार. मंगळवारी काय?”

“मंगळवारी मी कामावर असते.”

फोनमध्ये नाकाने सोडलेला श्वास ऐकू आला. हसू असावं. “आणि तुमची ती जीप?”

“ती मोडणार.”

“संपलीय?”

वरून पुलावर बस गेली, तिचा आवाज संपेपर्यंत थांबले. “हो,” म्हटलं. “संपलीय.”

“मग या,” त्या म्हणाल्या. “अकराच्या आत या, नंतर मी चर्चमध्ये नाही, बागेत असते, पण तेव्हा मला कुणी आलेलं आवडत नाही.”

मुलीला उठवलं. तिने डोळे न उघडता विचारलं, “मोडणार की वाढवणार?”

“चालवणार.”

“हा शब्द मला येतो,” ती म्हणाली आणि उठली.

ती गाडी चालवत मी एकटी दक्षिणेला आले. मोटरवेवर सगळा वेळ ऐकत होते. कुठे काही खडखडेल, काही तापेल, निदान वायपर तरी अडकेल. सर्व्हिस स्टेशनवर थांबून चाकांना हात लावून पाहिला, एखादं गरम आहे का. चारही सारखीच कोमट. घरापुढे लावली तेव्हा खरंच तिचं नाक फुटपाथवर आलं. नवरा बाहेर येऊन बघत राहिला.

“ही कधी खोलणार?” त्याने विचारलं.

“ही नाही. ती.” मी गॅरेजकडे बोट केलं.

तो आत जाऊन जुना शर्ट घालून आला.

पुढचे सगळे शनिवार-रविवार जीप खोलण्यात गेले. विंच काढला, तो दोघांनी मिळून उचलला आणि नवऱ्याने आठवडाभर पाठीबद्दल ऐकवलं. रेडिओ, छतावरचे दिवे, दोरी अडकवायच्या कड्या नव्या गाडीला गेल्या. गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल डॉर्सेटच्या एका माणसाने घेतला. त्याला तो आधी चालवून बघायचा होता. मी म्हटलं, पुढचा अ‍ॅक्सलच नाही, कसं चालवणार. त्याने मान हलवली, जॅकवर चाक फिरवून बघितलं, कान लावला आणि घेऊन गेला. माझे पॅच कापताना मात्र मला ग्राइंडरची चकती दोनदा बदलावी लागली. वेल्डिंग सुबक नव्हतं, धरून मात्र होतं. उरलेलं धूड नेणारा आला तेव्हा मी कामावर होते, मुद्दाम नव्हे, त्याला तीच वेळ सोयीची होती.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा गटाच्या माणसाने गाडी त्याच्या नेहमीच्या चढावर चालवून घेतली. खाली आडवा पडून त्याने अ‍ॅक्सल बघितले, उठून गुडघे झटकले.

“लांब आहे,” तो म्हणाला.

“लांब आहे.”

“अरुंद वाटांवर तुला पाठवणार नाही. बाकी ठीक.” आणि त्याने मला हिवाळ्याच्या ड्यूट्यांमध्ये घेतलं. एवढंच. माझी त्याच्याकडून अजून काही अपेक्षा होती असं नाही.

त्यानंतर मात्र मला शनिवारी काय करावं ते कळेना. नव्या गाडीत करण्यासारखं काही नव्हतं. तेल बदललं, जे बदलायची गरज नव्हती. गॅरेज धुतलं. नवऱ्याने एकदा विचारलं, घरातल्या खिडक्यांची बिजागरं कुरकुरतात, ती बघतेस का. मी तासाभरात सगळी बघितली. तो म्हणाला, “अजून एखादी खिडकी बसवून घेऊ का तुझ्यासाठी?”

जानेवारीत थंडीचा कडाका आला. आधी पाऊस आणि त्यावर गोठण, रस्ते काचेसारखे. सकाळी उजाडताना फोन आला. न्यू फॉरेस्टच्या कडेला राहणाऱ्या म्हाताऱ्या लोकांना इन्सुलिन द्यायला एका केअररला न्यायचं होतं. मी तिला तिच्या दारातून घेतलं. जाडजूड, तरुण, हातात डबा आणि थर्मास. तिने आत बसण्याआधी गाडीकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

“गेल्या वर्षी चढावर मोडली ती हीच का?” तिने विचारलं. गटातल्या गोष्टी फिरतात.

“नाही,” मी म्हटलं. “ती आता नाही. ती मी मोडून टाकली.”

“बरं झालं,” ती म्हणाली, पट्टा लावला आणि डबा उघडला.

मी गाडी लो रेंजच्या हळू पण जोरकस गिअरमध्ये टाकली आणि चढाला लागले. वेग धरला, पाय जरा उचलला, ऐकलं. शेजारी ती सँडविच खात होती, तेवढाच आवाज होता. वर पहिलं घर दिसायला लागलं. खिडकीत दिवा होता, कुणीतरी पडदा बाजूला करून आमची वाट बघत उभं होतं.